दोन रुग्णालयं एक झाली, त्यानंतरची रेसिडेन्सी: मेडिसिनच्या सीटचा तीन वर्षांचा अनुभव

मागच्या महिन्यात माझी मेडिसिनची रेसिडेन्सी, म्हणजे एमबीबीएसनंतर तज्ज्ञ होण्यासाठीचं रुग्णालयातलं तीन वर्षांचं प्रशिक्षण, संपली. पहिले चौदा महिने जुन्या व्यवस्थेत गेले आणि पुढचे बावीस महिने दोन रुग्णालयं एकत्र करून उभ्या राहिलेल्या मोठ्या रुग्णालयात. सीट निवडायचे दिवस आले की ज्युनिअर्सचे फोन येतात, "मॅडम, तिकडे सगळं उलटंपालटं झालंय म्हणतात. घेऊ की नको?" प्रत्येकाला तुकड्यातुकड्यानं सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहिते. रुग्णालयाचं नाव लिहीत नाही. माझे ज्युनिअर्स अजून तिथे आहेत.

आधी निकाल. मेडिसिनसाठी घ्या. आज पाचपैकी चार देईन. एकत्रीकरणानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांना मात्र दीडच्या वर द्यायला हात धजत नाही. ते सहा महिने कसे गेले हे कळल्याशिवाय आजचे चार कसे कमावले गेले ते कळणार नाही, म्हणून सविस्तर लिहितेय. सर्जरीबद्दल माझ्या रूममेटचा अनुभव खाली आहे, तो एवढा चांगला नाही.

आधीची पद्धत अशी होती. मेडिसिनची सहा युनिट्स. प्रत्येक युनिटचा ठरलेला ॲडमिशन डे. त्या चोवीस तासांत कॅज्युअल्टीतून मेडिसिनला येणारा प्रत्येक पेशंट आमचा, आणि एकदा आमचा झाला की घरी जाईपर्यंत आमचाच. स्ट्रेचरवर आम्ही बघायचं, वॉर्डात आम्ही, आयसीयूत गेला तर तिथेही आम्हीच, डिस्चार्जनंतर ओपीडीतही आम्हीच. दुसऱ्या दिवशी राऊंड संपेस्तोवर पाय सुजलेले असायचे. ते दिवस परत यावेत असं मी अजिबात म्हणत नाही. पण त्या पद्धतीत एक गोष्ट आपोआप मिळायची, ती पुढे गेल्यावर कळली.

एक उदाहरण देते. पहिल्या वर्षाच्या तिसऱ्या महिन्यात पोट फुगलेले, पायावर सूज असलेले एक काका ॲडमिट झाले. मी फाइलवर सिरोसिस, म्हणजे लिव्हर निकामी होत जाण्याचा आजार, लिहिलं. राऊंडला सरांनी वाचलं, काही बोलले नाहीत, फक्त म्हणाले, "गळ्याची शीर उद्या परत बघ." दुसऱ्या दिवशी काकांना पंचेचाळीस अंशांवर टेकवून बघितलं, काही दिसलं नाही. सर म्हणाले, "परत बघ." तिसऱ्या दिवशी काका जेवायला म्हणून ताठ बसले होते आणि मी शेजारच्या बेडवरचं रक्त घेत होते. सहज नजर गेली तर शीर पार कानाच्या पाळीपर्यंत भरलेली, आणि श्वास आत घेताना खाली जाण्याऐवजी वर चढत होती. टेकवलेल्या स्थितीत रक्ताची पातळी जबड्याच्याही वर होती, म्हणून मला हालचालच दिसली नव्हती. कन्स्ट्रिक्टिव्ह पेरिकार्डायटिस निघाला. हृदयाभोवतीचं आवरण कडक झालेलं, लिव्हरचा मूळ आजार नव्हताच. सरांना बहुधा पहिल्याच दिवशी शंका आली होती. त्यांनी मला तीन दिवस दिले, कारण पेशंट तोच, मी तीच आणि सर तेच असणार याची त्यांना खात्री होती.

हा धागा. एकच पेशंट, एकच रेसिडेंट, एकच शिक्षक, सलग काही दिवस. रेसिडेन्सी या प्रकाराची मुळं शोधत गेलं तर हेच सापडतं. १८८९ मध्ये बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय सुरू झालं, तिथे विल्यम ऑस्लर आणि विल्यम हाल्स्टेड यांनी ही पद्धत घडवली. शिकणारे डॉक्टर रुग्णालयातच राहायचे, म्हणून रेसिडेंट. राहण्यामागचा हेतू पेशंटचा आजार रोज कसा सरकतो ते बघण्याचा होता.

मग पुनर्रचना आली.

ती का आली हे समजून घ्यायला मला वेळ लागला, आणि आज मी तिच्या विरोधात नाही. दोन्ही रुग्णालयांत वेगवेगळी कॅज्युअल्टी, वेगवेगळी सीटी मशिन्स आणि रात्रीच्या दोन टीम्स होत्या, दोन्ही ठिकाणी माणसं अपुरी. गंभीर पेशंट एका जागी आणले तर त्यांचा फायदा होतो, हे जगात काही ठिकाणी नीट दिसलंय. लंडनमध्ये २०१० साली स्ट्रोकचे पेशंट तीसेक रुग्णालयांत विखुरण्याऐवजी आठ खास केंद्रांत नेण्याची व्यवस्था झाली. नंतरच्या अभ्यासात मृत्यूचं प्रमाण आणि रुग्णालयातला मुक्काम, दोन्ही कमी झालेले आढळले. आमच्याकडेही तोच विचार होता. नव्या इमारतीत इमर्जन्सी, मोठ्या शस्त्रक्रिया आणि एकच आयसीयू. जुन्या इमारतीत ओपीडी, डे केअर, डायलिसिस आणि सावरत असलेल्या पेशंट्सचे वॉर्ड. दोन्हींच्या मध्ये ॲम्ब्युलन्सचं अंतर.

कागदावर बेड, मशिन्स, नर्सेस, लिफ्ट सगळं मोजलेलं होतं. रेसिडेंट मोजले होते ते हात म्हणून. अमुक वॉर्डाला रात्री एक, तमुक वॉर्डाला दोन. ते हात कुणाकडून काय शिकणार आहेत याचा रकानाच नव्हता. मला वाटतं यात कुणाचा वाईट हेतू नव्हता. ज्या बैठकांत बेडचं वाटप ठरलं, त्यांत ट्रेनिंगची जबाबदारी असलेलं कुणी बसलेलंच नव्हतं.

सहाची चार युनिट्स झाली. ॲडमिशन डे बंद. पेशंट इमर्जन्सीतली टीम दाखल करणार, दुसऱ्या दिवशी बेड मिळेल त्या वॉर्डात जाणार, त्या वॉर्डात जी टीम असेल ती बघणार, जरा बरा झाला की जुन्या इमारतीत जाणार, तिथे तिसरी टीम. रात्री चौथी. आमची ड्यूटी लिस्ट तोवर चीफ रेसिडेंट आणि एक मॅडम मिळून करायच्या. आता ती प्रशासनाच्या कार्यालयातून यायला लागली. एखाद्या चौकटीत नाव नसेल तर तिथे नाव जायचं, एवढाच तिचा नियम. माझं नेफ्रॉलॉजीचं (किडनीच्या आजारांचं) सहा आठवड्यांचं पोस्टिंग होतं. त्यातले चार आठवडे मी जुन्या इमारतीत नाईट केल्या. बुधवारचं केस प्रेझेंटेशन नव्या इमारतीत असायचं, आणि सव्वीस आठवड्यांत मी तिथे सात वेळा पोचू शकले. तारखा लिहून ठेवल्या होत्या, म्हणून आकडा सांगतेय.

त्या सहा महिन्यांतली एक रात्र सांगायलाच हवी.

जुन्या इमारतीचा दुसरा मजला, तीस बेड, मी आणि दोन सिस्टर. पावणेतीनच्या सुमारास सिस्टरनी उठवलं, "मॅडम, बारा नंबर बोलत नाहीयेत नीट." बारा नंबरचे आजोबा सीओपीडीचे, म्हणजे फुप्फुसांच्या दीर्घ आजाराचे, जुने पेशंट, दुपारीच नव्या इमारतीतून आलेले. मॉनिटरवर सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी) नव्व्याण्णव, म्हणजे वरवर बघता सगळं छान. तोंडावर मास्क, ऑक्सिजन आठ लिटरवर. हाक मारली तर डोळे किलकिले करून परत मिटत होते. श्वास मोजला, मिनिटाला आठ. तळवे गरम होते.

ज्यांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठून राहतो अशा पेशंटना सॅच्युरेशन ८८ ते ९२ मध्येच ठेवायचं असतं. जास्त ऑक्सिजन दिला तर कार्बन डायऑक्साइड आणखी चढतो आणि माणूस गुंगीत जातो. आयसीयूतल्या रेसिडेंटला हे माहीत होतं, त्यानं फाइलमध्ये लिहिलंही होतं. वॉर्डातल्या टीमनं ट्रान्सफर नोट लिहिली, त्यात ते राहिलं. जुन्या इमारतीतल्या संध्याकाळच्या डॉक्टरनं दम लागलेला बघून ऑक्सिजन वाढवला. रात्री माझ्यापर्यंत आलं ते एवढंच, "बारा नंबर, सीओपीडी, स्टेबल." चार माणसं, तीन हँडओव्हर (पेशंटची माहिती पुढच्या टीमला सोपवणं), आणि दोन आकडे वाटेत गळून पडले.

मी मास्क काढून अठ्ठावीस टक्केच ऑक्सिजन देणारा पांढरा व्हेंचुरी मास्क लावला, नेब्युलायझेशन सुरू केलं, ब्लड गॅससाठी, म्हणजे रक्तातला कार्बन डायऑक्साइड मोजायला, रक्त काढलं. गॅसचं मशीन नव्या इमारतीत गेलेलं. मास्कमधून दाबानं श्वासाला मदत करणारं बायपॅप यंत्रही तिकडेच. फोनवर रजिस्ट्रार सर होते, पण ते स्वतः हृदय बंद पडलेल्या एका पेशंटमध्ये अडकलेले. "बॅग हाताशी ठेव, ॲम्ब्युलन्स बोलावली आहे, लाइनवर राहा," एवढं म्हणाले आणि मागून मला त्यांच्या मॉनिटरचा आवाज येत राहिला. पस्तीस मिनिटं. त्यातली शेवटची काही मिनिटं मी अंबू बॅगनं श्वास देत होते आणि सिस्टर आजोबांची हनुवटी वर धरून उभ्या होत्या. आजोबा वाचले, दोन दिवस बायपॅपवर राहिले. सकाळी मी फाइल उलटी चाळत गेले. आयसीयूतल्या त्या रेसिडेंटच्या नीटस अक्षरात ८८ ते ९२ लिहिलेलं होतं, दोनदा अधोरेखित केलेलं.

मी घटनेचा अहवाल लिहिला. ऑक्सिजन वाढवणाऱ्या डॉक्टरचं नाव त्यात नव्हतं. हँडओव्हर कुठे कुठे झाले, कोणती यंत्रं कुठे होती, वरिष्ठ कुठे होते, एवढंच होतं. माझ्यासारखे आणखी दोघांचे अहवाल त्याच पंधरवड्यात गेले. इथपासून बदल सुरू झाला, आणि मी चार का देते त्याची कारणंही इथपासूनचीच.

पहिली गोष्ट, ड्यूटी लिस्ट परत ट्रेनिंग बघणाऱ्या मॅडमकडे आली. माझ्या दृष्टीनं हा सगळ्यात मोठा बदल. मॅडमनी आधी पोस्टिंग्ज भरली, मग केस प्रेझेंटेशनचे तास राखून ठेवले, त्यानंतर नाईट्स वाटल्या. उरलेल्या रिकाम्या चौकटी घेऊन त्या स्वतः प्रशासनाकडे गेल्या आणि म्हणाल्या, एवढी माणसं कमी आहेत, यांच्यासाठी वॉर्ड डॉक्टर नेमा. तीन नेमले गेले. जुन्या इमारतीत रात्री एक वरिष्ठ डॉक्टर राहायला लागले, फोनवर नव्हे, त्याच मजल्यावर. गॅसचं छोटं मशीन आणि एक बायपॅप परत आलं.

दुसरी, न्यूज टू. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं २०१२ मध्ये आणलेली आणि २०१७ मध्ये सुधारलेली गुणपद्धती. श्वास, सॅच्युरेशन, नाडी, रक्तदाब, ताप, शुद्ध यांना गुण द्यायचे, बेरीज पाच झाली की तातडीनं डॉक्टर, सात झाली की इमर्जन्सी टीम. यात सॅच्युरेशनच्या दोन पट्ट्या आहेत आणि दुसरी पट्टी बारा नंबरच्या आजोबांसारख्यांसाठीच आहे. ऑक्सिजनवर असताना नव्व्याण्णव आलं तर पहिल्या पट्टीवर शून्य गुण मिळतात, दुसरीवर तीन. आता अशा पेशंटच्या चार्टवर पहिल्याच दिवशी डॉक्टर सहीनिशी दुसरी पट्टी ठरवतो आणि तो चार्ट पेशंटबरोबर इमारत बदलतो. त्या रात्री हे असतं तर सिस्टरनी मला बऱ्याच आधी उठवलं असतं.

तिसरी, हँडओव्हर. याबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण ज्युनिअर्सना हे कटकटीचं काम वाटतं. रात्रीची वेगळी टीम आली, तेव्हा आमचे कामाचे तास खरंच कमी झाले आणि ते व्हायलाच हवे होते. १९८४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये लिबी झायन ही अठरा वर्षांची मुलगी रुग्णालयात दगावली. थकलेले, पुरेशी देखरेख नसलेले रेसिडेंट हा त्यानंतर मोठा प्रश्न झाला. १९८९ मध्ये न्यूयॉर्क राज्यात आठवड्याला ८० तासांची मर्यादा आली, २००३ मध्ये ती पूर्ण अमेरिकेत लागू झाली. युरोपात शिकाऊ डॉक्टरांसाठी २००९ पासून ४८ तास. मी या मर्यादांच्या बाजूनं आहे. पण शिफ्ट लहान झाली की हँडओव्हर वाढतात, आणि लंबर पंक्चर (पाठीच्या कण्यातून पाणी काढणं) जसं शिकवावं लागतं तसा हँडओव्हरही शिकवावा लागतो. आमच्याकडे तास आधी कमी झाले आणि शिकवणं सात महिन्यांनी आलं.

शिकवलं ते आयपास. पेशंट किती गंभीर आहे ते आधी, मग थोडक्यात हकिगत, मग करायच्या कामांची यादी, मग "असं झालं तर असं कर", आणि शेवटी ऐकणाऱ्यानं सगळं स्वतःच्या शब्दांत परत सांगायचं. नऊ रुग्णालयांत झालेल्या या पद्धतीच्या अभ्यासात वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी आणि टाळता येण्याजोगे अपाय ३० टक्क्यांनी कमी झाले होते. तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. आकडे सोडा, मला फरक पडला तो शेवटच्या पायरीनं. "परत सांग" म्हटलं की ऐकणारा थांबतो, चाळतो, विचारतो, "याचं टार्गेट सॅच्युरेशन किती?" संध्याकाळी साडेसातला नव्या इमारतीतल्या सेमिनार रूममध्ये, जुन्या इमारतीचे लोक व्हिडिओवर, एक वरिष्ठ समोर बसलेले. पहिल्या महिन्यात पाऊण तास लागायचा, नंतर पंचवीस मिनिटांत आटपायला लागलं. वरिष्ठ मधूनच विचारायचे, "हिला हेपॅरिन का चालू आहे?" म्हणजे तेही शिकवणंच.

आयसीयूबद्दल माझं मत अजून दुभंगलेलं आहे. नवं आयसीयू बंद पद्धतीचं, म्हणजे पेशंट आत गेला की सगळे निर्णय इंटेन्सिव्हिस्टच्या टीमचे. पेशंटसाठी हे चांगलं, यात मला शंका नाही. आम्ही युनिटमधून व्हेंटिलेटरच्या सेटिंग्ज बदलायचो तेव्हा अर्धं ज्ञान अंदाजावर चालायचं. आता दोन महिन्यांचं सलग आयसीयू पोस्टिंग आहे आणि त्यात मी जेवढं शिकले तेवढं आधीच्या वर्षभरात शिकले नव्हते. पण ते दोन महिने सोडले तर सेप्सिसचा, म्हणजे जंतुसंसर्गानं अवयव निकामी होऊ लागलेला, पेशंट हातातून जातो तो परत येतो सावरल्यावर. मधला भाग, जिथे तो वाचला, तो दिसतच नाही. यावर उपाय म्हणून शुक्रवारी युनिटच्या रेसिडेंटनं आपल्या पेशंटच्या आयसीयू राऊंडला जायची मुभा आहे. मुभा आहे, वेळ नाही. मी जाऊ शकले ते महिन्यातून एकदा.

हातानं करायच्या गोष्टींसाठी सिम्युलेशन लॅब आली. ही मला मनापासून आवडली. चोवीस तास उघडी, आयकार्डानं दार उघडतं. अल्ट्रासाउंडचा प्रोब टेकवून दाबलं की शीर चपटी होते आणि धमनी होत नाही, हे मॉडेलवर मी शंभरेक वेळा केलं असेल. मग खऱ्या पेशंटच्या मानेत सुई घालताना निदान पडद्यावर कुठे बघायचं हा गोंधळ उरला नाही. मॉडेल हलत नाही, खोकत नाही, रक्त न थांबण्याची भीती वाटावी इतके त्याचे प्लेटलेट्स वीस हजारांवर आलेले नसतात, हेही खरं. म्हणून लॅबला पाचपैकी साडेचार, पण लॅबमधले आकडे खऱ्या प्रोसिजरच्या रकान्यात धरायला माझा विरोध आहे. एक काळ तसा प्रस्ताव होता, मॅडमनी तो फेटाळला.

केलेल्या प्रोसिजर्स नोंदवायच्या लॉगबुकचं ॲप सुमार आहे. तळघरात नेटवर्क नाही, आणि भरलेलं सेव्ह होत नाही. वहीत लिहा, नंतर भरा.

त्यापेक्षा महत्त्वाचं आहे ते पातळ्यांचं कार्ड. युट्रेक्टचे ओले टेन केट यांनी २००५ मध्ये एक कल्पना मांडली. रेसिडेंटला किती वर्षं झाली यापेक्षा कोणतं काम त्याच्यावर विश्वासानं सोपवता येईल हे ठरवा. पाच पातळ्या: फक्त बघ, शेजारी कुणी असताना कर, हाकेच्या अंतरावर कुणी असताना कर, एकट्यानं कर, दुसऱ्याला शिकव. जुन्या युनिटमध्ये याची गरज वाटली नसती. सरांना माझा हात माहीत होता, कुठे थरथरतो तेही. एकत्रीकरणानंतर रात्री भेटणारे वरिष्ठ दर वेळी नवे, दुसऱ्या रुग्णालयातून आलेले. त्यांच्या दृष्टीनं मी एक ॲप्रन. कोणी सगळंच करू द्यायचं, कोणी काहीच नाही. आता कार्डावर लंबर पंक्चर चार आणि सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत नळी घालणं) तीन असं दिसलं की ते म्हणतात, "एलपी तू सुरू कर, लाइनच्या वेळी मी येतो." दोन अनोळखी माणसांना एकमेकांवर किती विसंबायचं हे ठरवायला आधार मिळाला. पातळी वाढवायची तर निदान तीन वेगवेगळ्या वरिष्ठांनी प्रत्यक्ष पाहून सही करावी लागते, त्यामुळे लबाडीला फारसा वाव नाही.

सर्जरीचं मात्र दुखणं आहे. हर्निया, हायड्रोसील, गाठी, असल्या साध्या ठरवून करायच्या शस्त्रक्रिया जुन्या इमारतीतल्या डे केअरमध्ये गेल्या. तिथे दिवसाला ठरावीक केसेस व्हायलाच हव्यात, त्यामुळे हात वरिष्ठांचेच चालतात. रेसिडेंट नव्या इमारतीत इमर्जन्सीला. माझी रूममेट सांगायची, रात्री तीनला फुटलेल्या आतड्याच्या केसला रिट्रॅक्टर धरून उभं राहते, पण हर्नियाचे थर स्वतः सोडवायला मिळत नाहीत. आणि थर तिथेच शिकायचे असतात, शांतपणे, दिवसा. तिच्या शेवटच्या वर्षात आठवड्याला एक लिस्ट रेसिडेंटसाठी राखली गेली, तीन केसेस कमी ठेवून. तिच्या बोलण्यातून आलेले गुण अडीच. पुढच्या वर्षी दुसरी लिस्ट मिळाली तर वाढवेन.

शिक्षक गेले, हेही सांगायला हवं. सहाची चार युनिट्स होताना दोन ज्येष्ठ प्राध्यापकांनी संस्था सोडली, त्यांत गळ्याची शीर बघायला लावणारे सर होते. दुसऱ्या रुग्णालयातून आलेल्या मॅडम ऱ्हुमॅटॉलॉजीच्या, म्हणजे सांध्यांच्या आजारांच्या तज्ज्ञ. त्यांच्यामुळे आम्हाला जे सांधे दिसले ते आधी दिसलेच नसते. पण सर गेले त्या आठवड्यात मी रडले.

आमच्याकडे निदान सीट शिल्लक राहिल्या. फिलाडेल्फियाचं हानेमान विद्यापीठ रुग्णालय २०१९ मध्ये दिवाळखोरीत निघून बंद पडलं, तेव्हा साडेपाचशेहून जास्त रेसिडेंट आणि फेलोंना काही आठवड्यांत दुसरीकडे जागा शोधावी लागली. अमेरिकेत रेसिडेन्सीचा मोठा खर्च सरकारच्या मेडिकेअर योजनेतून येतो आणि १९९७ च्या कायद्यानं या पैशाच्या जागांवर मर्यादा आहे. म्हणून त्या जागांचाही लिलाव झाला, बोली साडेपाच कोटी डॉलरपर्यंत गेली, आणि सरकारी यंत्रणेनं त्याला विरोध केला. हे मी वाचलं त्या दिवशी आमच्या मॅडमना विचारलं, आपल्या सीटचं काय? त्यांनी मान्यतेचं पत्र काढून दाखवलं. प्रत्येक युनिट, शिक्षकांची संख्या, बेड. तुम्हीही विचारा. एकत्रीकरणानंतर मान्यता नव्या नावानं झाली आहे का, आणि त्यात दाखवलेले शिक्षक अजून तिथे आहेत का.

भेट द्यायला जाल तेव्हा विभागप्रमुखांच्या केबिनच्या आधी वॉर्डात जा. चालू महिन्याची ड्यूटी लिस्ट बघायला मागा आणि ती कोण बनवतं ते विचारा. दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या रेसिडेंटला गाठून विचारा, रात्री तीनला फोन केला तर कोण येतं आणि कुठून येतं. त्याला उत्तर द्यायला विचार करावा लागला तर समजून घ्या. दाखल केलेला पेशंट शेवटपर्यंत बघायला मिळतो का, हेही विचारा. आमच्याकडे याचं उत्तर आज "अर्धामुर्धा" असं आहे. वॉर्ड बदलला की टीम बदलते ते बदललं नाही, ते बदलेल असं वाटतही नाही. पण मॅडमनी गुरुवारची एक ओपीडी आमच्यासाठी उघडली. तुम्ही दाखल केलेला किंवा रात्री सांभाळलेला पेशंट डिस्चार्ज कुठल्याही टीमकडून झाला तरी त्याला कार्डावर तुमचं नाव आणि गुरुवारची वेळ मिळते. पाचवा गुण मी राखून ठेवलाय तो तो अर्धामुर्धा शब्द जाईपर्यंत.

बारा नंबरचे आजोबा त्या ओपीडीत चार वेळा आले. पहिल्यांदा त्यांनी मला ओळखलं नाही, त्या रात्री ते शुद्धीत नव्हतेच. दुसऱ्या वेळी इनहेलर चुकीचा ओढत होते, तो समोर बसवून शिकवला. तिसऱ्या वेळी जिना चढून आले, मधे एकदाच थांबून. शेवटच्या गुरुवारी माझ्या शेजारी पहिल्या वर्षाची ज्युनिअर बसली होती. आजोबांना सांगितलं, "पुढच्या वेळी या मॅडम भेटतील." त्यांनी तिला खालून वर बघितलं आणि खिशातून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं, त्यांना ऑक्सिजन किती ठेवायचा हे लिहिलेलं कार्ड काढून तिच्यासमोर ठेवलं. तिनं वाचलं, फाइलवर ८८ ते ९२ लिहिलं आणि मग मला ते मोठ्यानं परत सांगितलं.